फळा भरला तेव्हा

सर, तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्या फळ्यापुढेच उभा आहे. बुलढाण्याच्या आपल्या कॉलेजात तिघांत एक कॉम्प्युटर होता, म्हणून प्रोग्राम आधी फळ्यावर चालवून दाखवायचा, हा तुमचा नियम. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा. त्याच्या आत नवी वस्तू बनवली असेल तर दर फेरीला खडूनं एक नवा चौकोन काढायचा, मेमरीतली तेवढी जागा म्हणून, जुना तसाच ठेवायचा. माझा फळा भरत जातो, मी वाकून खालच्या कोपऱ्यात चौकोन कोंबतो, पोरं खिदळतात. तुम्ही विचारता, "अंदर नवीन काऊन बनवून राह्यला बे? बाहेर एकच बनव, तेच वापर."

"जुने चौकोन प्रोग्रामची भाषा स्वतःच पुसते ना, सर," मी ऐटीत म्हणालो.

"हाव, पुसते. घे डस्टर." मी पुसत होतो तोवर तुम्ही कुणालाच लिहू दिलं नाही. अख्खा वर्ग हातात खडू धरून गप्प. "पाह्यलं? तू पुसून राह्यला तवर सारे थांबले. मशीनचंही असंच होते." मला तुमचा भयंकर राग आला होता. शेवटच्या दिवशी ते डस्टर तुम्ही मलाच भेट दिलंत. अजून टेबलावर आहे, शोभेला.

दोन वर्षांपूर्वी एका खासगी दवाखान्याला मी प्रोग्राम करून दिला. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेवरच्या पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन दर सेकंदाला एका स्क्रीनवर दिसायचा. लूप होता, आणि मी शहाण्यानं आत दर खाटेला, दर सेकंदाला नवी वस्तू बनवली होती. चार खाटांवर तपासलं, झकास चाललं. ज्या दुपारी वॉर्ड भरला, त्या दुपारी मेमरीही भरली, मशीन पुसायला बसलं आणि स्क्रीन जागच्या जागी थांबली. एका म्हाताऱ्या बाबांचा आकडा पंच्याण्णववर अडकला. खरा केव्हाच घसरला होता. बाबा वाचले नाहीत. मशीन मोकळं झाल्यावर घसरलेले आकडे नोंदीत वेळेसकट उतरले, जणू स्क्रीनवरही तेव्हाच दिसले होते, आणि सगळं ड्यूटीवरच्या सिस्टरवर आलं. "मी पाहूनच राह्यली होती जी, पंच्यान्नव होता," एवढंच ती म्हणत राहिली. डॉक्टरांनी मला विचारलं, "स्क्रीन बंद पडली होती का?" मी म्हणालो, "नाही, चालू होती." तिला कामावरून काढलं.

त्याच संध्याकाळी मी नवी वस्तू बनवणारी ती ओळ लूपच्या बाहेर आणली. बदलाच्या नोंदीत लिहिलं, 'वेग वाढवला.' मला माझीच किळस येते, सर. ती सिस्टर आता धामणगाव बढ्याला माहेरी असते. मलकापूरहून तिकडे बस जाते, पत्ताही माझ्याकडे आहे. खरं तर हे सगळं तिला लिहायचं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुमचं उत्तर येणार नाही.