निळा फुगा

८ जानेवारी
मंगेशभावजी आणि सुवर्णा दुबईला आमच्याकडे आले. दोन बॅगा, त्यातली एक नुसती खाण्याची. सासूबाईंनी तिळाचे लाडू दिलेत. सुवर्णाच्या दोन्ही मुली तिकडे त्यांच्याजवळच ठेवल्यात. सुवर्णाचा चौथा महिना संपत आलाय, हे मला विमानतळावर कळलं. शिरीषला आधीपासून माहीत होतं असं दिसतं.
गाडीत भावजी म्हणाले, "वहिनी, फिरणं होईल तेव्हा होईल. आधी ती सोनोग्राफी उरकून टाकू."
'ती' सोनोग्राफी.

९ जाने.
शि.शी भांडण, हळू आवाजात, बाथरूमचा नळ सोडून. मुलगा की मुलगी, हे इथे कुठलाही डॉक्टर सहज सांगतो. तिकडे तो गुन्हा आहे. त्यासाठी आलेत दोघं. शि. म्हणतो, "आपण फक्त अपॉइंटमेंट घ्यायची. इथल्या कायद्यात बसतं सगळं."
"आणि मुलगी निघाली तर?"
"तो त्यांचा प्रश्न."
जेवताना भावजींनीच विचारलं, तसंच काही निघालं तर इथल्या इथे खलास नाही का होणार? शि. हसला. "इथे? विसर! आईच्या जिवावर बेतलेलं असावं लागतं, नाहीतर बाळात मोठा दोष. अशी मोजकी कारणं. त्यातही कमिटी बसते, सह्या लागतात, चार महिने उलटले की दार बंद."
"मग ते तिकडे बघू," भावजी म्हणाले. सामान दोन बॅगांत वाटून टाकावं तसं. "तिकडे गर्भनिरोधक गोळ्या फेल गेल्या असं लिहिलं की काम होतं."
विचारायचं या देशात, पाडायचं त्या देशात. मी त्यांच्या ताटात आमटी वाढली. का वाढली?

११ जाने.
शि. ऑफिसला, भावजी त्याच्याबरोबर इन्व्हेस्टमेंट्स पार्क या औद्योगिक वसाहतीतली फॅक्टरी बघायला. सुवर्णा मेथी निवडत बसली होती. मी काही विचारलं नव्हतं.
"मागच्या वर्षी एकदा झालं, ताई. मशीन गाडीत घेऊन येतात. काचा काळ्या असतात. मी काही बघितलं नाही, नुसतं थंडगार जेल लागलेलं आठवतं. ह्यांनी खाली उतरून मान हलवली, तेव्हा कळलं."
तिने मेथीची दुसरी जुडी सोडली.
"दवाखान्यातून मोकळी होऊन आले, तर दुसऱ्या दिवशी घरी सात माणसं जेवायला होती. शेवग्याची आमटी केली होती मी."
तो गाडीवाला नंतर पकडला गेला म्हणे. मशीन सील झालं. आता तालुक्यात कुणी तयार होत नाही, सगळे घाबरलेत. म्हणून दुबई. कायदा कडक झाला की माणसं लांबचं तिकीट काढतात, एवढंच?
आपल्याच मनाचं कळत नाही. कुणा बाईला नको असेल तर तिला मोकळीक हवी, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलेय. अजूनही म्हणेन. पण सुवर्णाला नको आहे असं कोण म्हणालं?

१२ जाने.
इरा उत्साहात. पंधरा वर्षांची झाली, सगळी इथेच वाढली. "मॉम, लेट्स डू अ जेंडर रिव्हील फॉर काकू! प्लीज!" काळा फुगा असतो, फोडला की आतून मुलीसाठी गुलाबी किंवा मुलासाठी निळ्या कागदाचे तुकडे पडतात. स्कॅन झालं की मी दुकानदाराला रंग कळवायचा, इरा बघणारसुद्धा नाही म्हणते.
सुवर्णाने विचारलं, काय म्हणतेय ती? मी समजावून सांगितलं.
"मुलगी असली तरी फोडतात?"
"हो."
"आणि हसतात?"

१४ जाने.
संक्रांत. सकाळी तिळगूळ, मग क्लिनिक, इथून दोन गल्ल्यांवर. आत एकालाच सोडतात. भावजीच म्हणाले, "वहिनी, तुम्ही जा. तुम्हाला इंग्लिश येतं, नीट विचारून घ्या."
सुवर्णा भिंतींकडे बघत होती. "तो बोर्ड नाही इथे?"
"कुठला?"
"आपल्याकडे असतो तो. इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही."
डॉक्टर मल्याळी बाई, आवाज मायेचा. हिंदीत बोलल्या. हृदय ठीक, पाठीचा कणा ठीक. मग, "जानना है?" सुवर्णाच म्हणाली, हां.
"बेटी है. एकदम हेल्दी."
सुवर्णाने पडद्याकडे पाहिलं. बाळ एक हात तोंडाजवळ नेत होतं. पोटावरचं जेल पुसताना तिने माझं मनगट धरलं.
"ताई, बाहेर मुलगा सांगा."
"सुवर्णा, जूनमध्ये काय..."
"जून लांब आहे."
बाहेर भावजी उभेच होते. मी सांगितलं. त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, तिथेच, रिसेप्शनसमोर.
घरी येताना जिन्यात थांबून दुकानाला मेसेज केला. ब्लू.

१५ जाने.
फुगा फुटला. सोफ्याखाली, मिक्सरमागे, देवापुढच्या पणतीत निळे तुकडे. सासूबाई व्हिडिओवर होत्या. "मोठीला जमलं नाही, धाकटीने केलं!" असं म्हणून हसल्या. इराला बोलणं कळलं नाही, तीही हसली. शि. माझ्या कानाशी म्हणाला, "बघ, झालं ना सुरळीत? उगाच ताप करून घेत होतीस."
सुवर्णा सगळ्यांत जास्त हसत होती.

१७ जाने.
मीना बाजार, मग अब्रातून, म्हणजे खाडीतल्या छोट्या बोटीतून, पलीकडे. भावजींनी दोन्ही मुलींसाठी अगदी सारख्या बाहुल्या घेतल्या, म्हणजे भांडायला नको. बोटीत सुवर्णाला वारा लागू नये म्हणून स्वतः कडेला बसले. हा माणूस वाईट असता तर किती सोपं होतं.

२ फेब्रुवारी
शि.ला आज खरं सांगून टाकलं. त्याने हातातला फोन उलटा ठेवला. मग, "तू सुवर्णाचा विचार केलास का? जूनमध्ये ते घर तिचं काय करील?"
बरोबर आहे प्रश्न. पण जानेवारीत अपॉइंटमेंट घेताना तो कुणाला पडला नव्हता.
भावाला सांगणार नाही म्हणाला. उपकार केल्यासारखं. पण सांगणार नाही.

२० एप्रिल
सुवर्णाचं डोहाळेजेवण, व्हिडिओवर पाहिलं. दोन वाट्या झाकून ठेवलेल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. तिने पेढ्याची उघडली. सगळ्या बायका ओरडल्या, मुलगा! भावजींची धाकटी मुलगी पाळण्याला हात लावायला गेली तर कुणीतरी तिला मागे ओढलं.
गावात पेढे आधीच वाटून झालेत.

१० मे
बाहेर पाऊल ठेववत नाही, इतकं ऊन. दुपारी सुवर्णाचा फोन, माहेराहून. बाळंतपण तिथेच करायचं तिने भांडून ठरवलं. तिच्या आईला खरं सांगितलंय. आई म्हणाली, बघू. बास, एवढंच.
मग आवाज खाली आणून, "ताई, डॉक्टरांचं चुकतंही ना कधी कधी? सगळ्या म्हणतात, पोट पुढे आलंय, मुलगाच."
"चुकतं कधी कधी," मी म्हटलं.
"तुम्हाला नीट ऐकू आलं होतं ना?"
मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "जाऊ दे. तुम्ही त्या दिवशी असाल ना? तुम्ही असायला हव्यात."
तिकीट काढलंय. मी एकटीच.
संध्याकाळी बाळासाठी कपडे घ्यायला मीना बाजारात. सासूबाईंनी निळी झबली सांगितलीत. मी पांढरी मागितली. दुकानदार विचारतो, "मॅडम, लड़का है या लड़की?"
म्हटलं, अभी पता नहीं.
तो हसला. "क्या मॅडम, इधर तो सबको पता रहता है."