ईराची घोंगडी

ट्रॉय, १२ ऑक्टोबर २००५

शाळेतून चिठ्ठी आली: प्राचीन ब्रिटिशांच्या वेषात, फर घालून पाठवा. फर म्हणे! प्राचीन ब्रिटिश कातडी पांघरून हिंडायचे, हे कॉन्व्हेंटात सिस्टरनीही आम्हांला घोकवलं होतं. मेंढ्या पाळणारी माणसं घोंगडी विणल्याशिवाय राहतील? तरी लायब्ररीत खात्री करून घेतली आणि नातीच्या शाळेतल्या कार्यक्रमासाठी चौकड्यांची लोकरी घोंगडी शिवली. खांद्यावर पिन, बटण नाही.

वर्गात बाईंनी विचारलं, "ईरा, व्हेअर इज युअर फर?"

बाकी सगळी पोरं खोट्या फरमध्ये. माझ्या हट्टापायी पोरगी तोंडघशी पडणार का?

ईरा म्हणाली, "दे हॅड शीप, मिस. माय आजी चेक्ड."

बाईंनी घोंगडीचा काठ चाचपून पाहिला.

गाडीत कुरकुरली, "आजी, इट इचेस."

खाजणारच, घोंगडी आहे ती. पण जेवायलासुद्धा काढली नाही.