बिघाड नसल्याचा खुलासा

उच-जिल्गा,
१४ मार्च, शुक्रवार

प्रिय अपा,

सलाम. तुझा गुडघा कसा आहे? अताचा खोकला गेला का, बाबा औषध घेतात ना? मी मजेत आहे. इथे बर्फ अजून गुडघाभर आहे. ज्यांच्याकडे राहते त्या बाईंची गाय व्यायली, त्यामुळे हल्ली चहात पाणी कमी आणि दूध जास्त. मी जाड झालेय, भेटलीस की बोलशीलच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि मी तुला, मायलेकी सारख्याच, म्हणून यावेळी कागद घेतला. उद्या इथून एक गाडी नारीनला यायची आहे, तिच्यातून पाठवते.

काल तू म्हणालीस, "एक ओळ लिहून टाक, तुझं काय जातंय?" म्हणजे सायराकान एजेंनी तुझ्या कानावर सगळं घातलंय. घालणारच. तुम्ही दोघी शिकायला असताना एका खोलीत राहिलेल्या. त्या इथे उपमुख्याध्यापिका, माझ्या मार्गदर्शक, आणि माझ्या सरावपाठांच्या वहीवर सही त्यांचीच लागते. सही नाही तर पदविका नाही आणि वर्ष वाया. हे मला पाठ आहे अपा, तीनदा सांगायची गरज नव्हती. आता माझ्याकडून ऐक.

हिवाळाभर मी शिकवण्याची ऑनलाइन साधनं धुंडाळत होते. शाळेत नेट फक्त व्हरांड्यातल्या तिसऱ्या खिडकीशी येतं. शाळा सुटली की मी तिथे बाकावर उभी राहायची, हात वर करून. शिपाईमामा म्हणायचे, "पोरी, नवरा शोधतेयस का आभाळात?" तीसेक साधनं तरी पाहिली असतील. निम्मी पैसे मागतात, उरलेल्यांना प्रत्येक मुलाच्या हातात फोन लागतो. माझ्या पाचवीच्या वर्गात बावीस मुलं आणि फोन सहा, त्यातल्या दोन फोनच्या काचा फुटलेल्या. शेवटी एक सापडलं, त्याला फोन एकच पुरतो, माझा, आणि वर्गात नेटही लागत नाही.

प्रत्येक मुलाला एक पुठ्ठ्याचं कार्ड द्यायचं. त्यावर काळी चौकोनी नक्षी, प्रत्येकाची वेगळी, आणि चार कडांना बारीक अक्षरांत अ, ब, क, ड. मुलाने आपल्या उत्तराची कड वर करून कार्ड धरायचं. शेजारच्याला काही कळत नाही, कारण नक्षीच वेगळी. मी समोरून फोन फिरवला की सगळ्यांची उत्तरं त्यात येतात आणि शाळेच्या प्रोजेक्टरने भिंतीवर ठिपके उमटतात. बरोबर असेल तर हिरवा, चूक असेल तर लाल. भिंतीवर नाव कुणाचंच नाही, नावं फक्त माझ्या फोनवर. मी ती कार्डं चहाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवली. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला.

पहिल्याच दिवशी विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? बावीसपैकी सतरा लाल. चार हा आकडा तीनपेक्षा मोठा, म्हणून एक चतुर्थांश मोठा! आणि वह्या बघितल्या तर सगळ्यांच्या उत्तरांवर बरोबरची खूण. आपला हुशार कुत्मान, त्याच्या आईने आत्तापासून त्याचं सुवर्णपदक ठरवलंय, तोही लाल. फळ्यावरून उतरवून काढायला सगळ्यांना येतं, कळलेलं जेमतेम पाच जणांना. मी पहिल्यांदा घाबरले. मग बरं वाटलं, कारण निदान सुरुवात कुठून करायची ते समजलं.

तेवढ्यात खुला पाठ ठरला. तालुक्याच्या शिक्षण विभागातून तिघं बघायला येणार. खुला पाठ म्हणजे काय ते मी तुला काय सांगणार, तुझ्या आयुष्यात ते चाळीस तरी झाले असतील. तीन वेळा तालीम. प्रश्न ठरलेले, उत्तर देणारे ठरलेले. हात सगळ्यांनी वर करायचा, येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा, म्हणजे बाईंना कळतं कुणाला उठवायचं. माझी कार्डं पाहून सायराकान एजे खूश झाल्या. नवीन तंत्रज्ञान, पाहुण्यांना आवडेल, म्हणाल्या. फक्त तीनही प्रश्नांचं उत्तर 'ब' ठेव आणि पोरांना आधीच सांगून टाक, भिंत हिरवीगार दिसली पाहिजे.

मी हो म्हटलं. हे त्या तुला सांगणार नाहीत, पण मी सांगते. मान खाली घालून हो म्हटलं आणि पोरांना 'ब' सांगितलंसुद्धा.

मग आदल्या दिवशी त्यांनी मला चार नावांची यादी दिली. ही चौघं उद्या घरी राहतील, हजेरीपटात त्यांच्यापुढे 'आजारी' लिहून ठेव. पहिलंच नाव बेगाइमचं. तिला बोलायला वेळ लागतो आणि गणितात ती खरोखर कच्ची आहे. सरळ सांगायचं तर तिला येत नाही. मी हजेरीपट उघडला, पेन हातात घेतलं आणि हात पुढे सरकेना. का सरकेना ते पुढे लिहिते, आत्ता लिहायला घेतलं तर पाठाचं राहून जाईल.

मी चौघांच्या घरी गेले आणि सांगितलं, उद्या मुलांना पाठवा, डोकं धुऊन पाठवा.

बावीसच्या बावीस आली. सायराकान एजे दारातच माझ्याकडे बघत राहिल्या, पण पाहुणे बसलेले, बोलणार काय! पोरांना सकाळीच 'ब' विसरायला सांगितलं होतं, आणि ठरलेला पहिला प्रश्न मी विचारलाच नाही. एक तृतीयांश की एक पंचमांश, असं विचारलं. भिंतीवर सोळा ठिपके लाल झाले. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मी पाहुण्यांना म्हटलं, बघा, आज आम्हाला इथून शिकायचंय. दोन नान आणल्या होत्या. सुरी लावली नाही, रीतीप्रमाणे हातानेच मोडल्या, एकीचे तीन भाग, दुसरीचे पाच, आणि विचारलं, तुला कुठला तुकडा हवा? पोरं उठून उभी राहिली, भांडायला लागली. कुत्मान म्हणाला, आमच्या घरी पाहुणे वाढले की माझा तुकडा लहान होतो, तेच आहे हे! वर्गात खरा गोंगाट झाला. मला आजवर इतका आनंद कशानेच झाला नव्हता.

शेवटी पुन्हा विचारलं. नऊ लाल राहिले. खोटं कशाला सांगू, नऊ. आणि बेगाइमने डावा नाही, उजवा नाही, दोन्ही हात वर केले आणि तिघा पाहुण्यांसमोर एकेक शब्द जोडत मला म्हणाली, "एजे, मला अजून नाही कळलं. परत सांगा." मी परत सांगितलं. तास संपल्याची घंटा होऊन गेली तरी सांगत होते.

पाहुण्यांसाठी मेंढी कापली होती. ते दोन घास खाऊन निघाले. सायराकान एजेंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, साहजिक आहे, वर्षभराची त्यांची मेहनत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कोरा कागद दिला. लेखी खुलासा लिही: तांत्रिक बिघाडामुळे फोनने उत्तरं चुकीची वाचली, विद्यार्थ्यांची तयारी पूर्ण होती. एवढं लिही आणि सही घेऊन जा. हीच ती तुझी एक ओळ.

आता ते, जे मी पुढे ढकललं होतं.

मी चौथीत होते, तुझ्याच वर्गात. तुझा खुला पाठ होता. सकाळी तू माझ्या वेण्या घातल्यास आणि म्हणालीस, आज शाळा नको, ताय-एनेकडे जा, ती बोरसोक तळतेय. मला वाटलं तू लाड करतेयस. दिवसभर आजीकडे मी बोरसोक खाल्ले आणि खूप खूश होते. पुढच्या आठवड्यात तूच मला शिक्षकांच्या खोलीतून हजेरीपट आणायला धाडलंस. जाता जाता मी तो उघडला. माझ्या नावापुढे तुझ्या अक्षरात 'आजारी' होतं.

मी कुणाला बोलले नाही. तुला त्या पाठाचं प्रमाणपत्र मिळालं, ते तू दारापाशी लावलंस आणि मी सात वर्षं रोज त्याच्या खाली बसून बूट घातले. तू वाईट बाई नाहीस. ताप आला की तूच उशाशी बसायचीस. पण अपा, मला गणित खरंच येत नव्हतं आणि ते शिकवायची जागा तुझा वर्गच होता ना? मला अपूर्णांक कळले ते आठवीत, दुसऱ्याच बाईंकडे, आणि तेव्हा मी स्वच्छतागृहात जाऊन रडले होते. रागाने रडले होते, आजही त्याचा राग येतो.

तुझं काय जातंय, विचारतेस. माझं हे जातं.

खुलासा आज सकाळी दिला. त्यात लिहिलंय: "फोनमध्ये कोणताही बिघाड नव्हता. त्याने जे दाखवलं ते खरं होतं. बावीस विद्यार्थी हजर होते. त्यांपैकी नऊ जणांना विषय समजलेला नाही. तो पुन्हा शिकवण्यासाठी मला आणखी दोन तास मिळावेत." सायराकान एजेंनी वाचला, दोनदा वाचला आणि खणात टाकला. सही नाही. म्हणाल्या, आईला काय तोंड दाखवशील? मी म्हटलं, हेच.

वर्ष गेलं तर जाऊ दे. शरद ऋतूत दुसऱ्या शाळेत परत सराव घेईन, तिथेही हेच करीन, आणि तिथेही सही दिली नाही तर तिसरीत जाईन. तू कुणाला फोन करू नकोस. माझ्यासाठी शब्द टाकू नकोस. उत्तर लिहायचं असेल तर गणिताबद्दल लिही, तुला माझ्यापेक्षा चांगलं शिकवता येतं आणि माझे नऊ जण अजून बाकी आहेत. अताला माझा सलाम सांग.

तुझी मुलगी, जी त्या दिवशी आजारी नव्हती,
बुरुल