ब्रेक कमी असल्याचा दाखला

९ जानेवारी, गुरुवार

पेढा तोंडात टाकला आणि मग विचारलं, कशाचा! तेजल हसली. "आजोबा, माझ्या कामाला तुमच्यासारखीच माणसं हवीत."

तेजल वरच्या खोलीत भाड्याने राहते. देवळ्याची. घरचे कांदा पिकवतात, ही मानसशास्त्रात पीएच.डी. करते. सरकार तिला त्यासाठी दरमहा शिष्यवृत्ती देतं. ती पुढच्या वर्षासाठी मंजूर झाली, म्हणून पेढे. विषय काय — उतावळेपणा! माणूस विचार न करता बोलतो, वागतो, तेव्हा मेंदूत काय होतं ते मोठ्या यंत्रात फोटो काढून बघायचं. आमच्या घरात हा विषय तीन पिढ्या फुकट चालू आहे.

१० जानेवारी

मेंदूत ब्रेक असतो म्हणते. कपाळाच्या मागे. काहींचा जरा उशिरा लागतो, त्यात त्यांचा दोष नसतो.

दिवसभर कपाळ चाचपतोय.

११ जानेवारी

इथे लिहायला काय हरकत. कोण वाचतंय!

आठ वर्षांपूर्वी बायको गेली, कुसाबाई. दहाव्याला गोदाघाटावर सगळे भाऊबंद जमले. संतोष पिंडाला बसला होता — आमचा एकुलता एक मुलगा, त्याचाच मान. कावळा शिवेना. ऊन चढलं. आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "संतोष, तू ऊठ. आई आजारी असताना फिरकला नाहीस, तुझ्या हातचं ती घेणार नाही. सोमनाथला बसू दे." सोमनाथ माझा पुतण्या. तो बसला. कावळा त्यालाही शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. म्हणजे एवढं करून मिळवलं काय, तर गवताचा कावळा!

संतोष तसाच ओल्या अंगाने पेठला निघून गेला. तिथे शाळेवर शिक्षक आहे. दोन तासांची वाट. आठ वर्षांत उंबरा चढला नाही. दर दिवाळीला मी निरोप धाडतो — रागाच्या भरात झालं, तोंडातून निघून गेलं. उत्तर नाही.

आता यंत्रानेच सांगितलं, की या सावळीरामचा ब्रेक मुळातच कमी, तर? कागदावर, शिक्क्यासकट? मास्तर माणूस आहे. कागदावर विश्वास ठेवेल.

१४ जानेवारी

तिळगुळाच्या निमित्ताने वर गेलो. म्हटलं, "मला घे तुझ्या यंत्रात."

"घेते की. साठीच्या पुढचे मिळतच नाहीयेत. पण पाऊण तास न हलता पडायचं."

"पडतो."

उत्तर देऊन झाल्यावर विचारलं, यंत्र असतं कसं. म्हणाली, बोगद्यासारखं. मला लिफ्टमध्येसुद्धा घाम फुटतो!

१७ जानेवारी

फॉर्म भरला. त्यात लिहिलंय — कधीही, कारण न देता माघार घेता येईल. एवढ्या आयुष्यात असं कोणी लिहून दिलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही.

मग प्रश्नावली. 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंत खुणा करायच्या. मी सगळीकडे 'नेहमी' केलं. उतावळा तो उतावळा! तेजल बघून म्हणाली, "आजोबा, इथे विचारलंय, तुम्ही शांतपणे विचार करून निर्णय घेता का. त्यालाही नेहमी?" खोडरबर मागितला. पेनाने लिहिलं होतं.

जाता जाता दाखल्याचं काढलं. "असा एकेकाचा दाखला नसतो हो. आम्ही शंभर जणांचं एकत्र बघतो." बघू. यंत्रात काही निघालं, तर पोरगी नाही कशी म्हणेल!

१९ जानेवारी

सराव म्हणून पलंगाखाली आडवा झालो. पाच मिनिटंही झाली नसतील, शेजारच्या लताबाई वाटी परत द्यायला आल्या. खाली वाकून म्हणतात, "काका, मांजर शिरलंय का?"

"हो," म्हणालो.

मग त्या झाडू घेऊन मांजर शोधायला बसल्या. मी तसाच आत. पाऊण तासाचा सराव आपोआप झाला.

२७ जानेवारी

तेजलने लॅपटॉपवर शिकवलं. हिरवा गोल दिसला की बटण दाबायचं. लाल दिसला की नाही दाबायचं, हात आवरायचा. झालं! यात पीएच.डी. कसली? दहा मिनिटं केलं. "छान जमतंय," म्हणाली.

छान जमून कसं चालेल? जमलं तर ब्रेक चांगला ठरेल! मुद्दाम चुकावं का? पण मग तिच्या कामाचं वाटोळं. बीपीची गोळी दोनदा घेतली की एकदाही नाही, आठवत नाही.

१ फेब्रुवारी

उद्या. माघार घ्यावी का? कारणसुद्धा द्यायचं नाहीये.

२ फेब्रुवारी, रविवार

गेलो होतो! द्वारका चौकाच्या पुढे ते सेंटर आहे, सकाळी आठ ते दहा तेजलच्या कामाला मिळतं. तिथल्या माणसाने विचारलं, अंगावर काही धातू? घड्याळ काढलं, टोपीची पिन काढली, कवळी काढली. "अजून काही?" नाही म्हणालो. दारात पाय ठेवला आणि आठवलं — करदोडा! त्याला कपाटाची लोखंडी किल्ली. ओरडलोच. तो माणूस माझ्यापेक्षा जास्त घाबरला. मग पडद्यामागे जाऊन ती गाठ सोडवणं... पंचवीस वर्षांची गाठ. शेवटी कात्री आणली.

आत घेतलं. डोळ्यांसमोर आरसा, आरशात गोल. हातात बटण. आणि यंत्र सुरू झालं — घरघर, खडखड, ठोके! वाटलं होतं, जीव जाईल. पण जुनी गाडी पेठच्या घाटात पहिल्या गिअरवर चढताना अगदी असाच आवाज करायची. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. त्या आवाजात मी जेवलोय, हिशेब जुळवलेत. भीती पळाली. हात आपोआप चालायला लागला. पाऊण तास कसा गेला, कळलं नाही!

काचेपलीकडून तेजल मात्र विचित्र नजरेने बघत होती. कवळी लावायची राहिली होती, म्हणून असेल.

५ फेब्रुवारी

तेजल लॅपटॉप घेऊन खाली आली. चहा ठेवला. म्हणाली, "आजोबा, रागवू नका. तुमची नोंद मला वापरता येणार नाही."

मी काय केलं होतं? हिरवा दिसला की बटण दोनदा दाबलं. लाल दिसला की एकदा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत! "आधी वाटलं, बटणच बिघडलंय. नंतर वाटलं, तुम्ही माझी गंमत करताय."

माझ्या लक्षात आलं आणि कपाळावर हात मारला. गाडीतली घंटा! एक टोला — थांब. दोन टोले — निघ. तिने थांब म्हटलं की माझ्या हाताने टोला दिलाच! निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, आणि मी तिच्या यंत्रात पडून गाडी चालवत होतो.

पोरगी पोट धरून हसली. मीही हसलो. मग म्हटलं, "एवढा घोळ केला, म्हणजे ब्रेक कमी हे तरी नक्की ना?"

"उलट. एकाही लालला दोनदा दाबलं नाहीत. एकाही हिरव्याला एकदा नाही. घाई कुठेच नाही. एका चाचणीवरून माणूस कळत नाही, आजोबा. पण हा हात उतावळ्या माणसाचा वाटत नाही मला."

तिला वाटलं, ही चांगली बातमी. तिने दुसरं बिस्कीट घेतलं.

६ फेब्रुवारी

आज हसू येत नाहीये.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी सोमनाथच्या घरी गेलो होतो. त्याला म्हणालो, उद्या एक कोरं धोतर जास्तीचं आण. तुला बसावं लागेल. तो म्हणाला, "काका, संतोष असताना?" मी म्हणालो, "तू आण."

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. या वहीलाही नाही. पाच दिवसांपूर्वी विचारलं असतं, तर शपथेवर म्हणालो असतो की ऊन चढलं होतं, रागात निघून गेलं. आठ वर्षं म्हणून म्हणून मलाच खरं वाटायला लागलं होतं. कावळा शिवला असता, तरी मी काहीतरी कारण काढून त्याला उठवलंच असतं. सगळ्यांसमोर. जागा, माणसं, वाक्य — सगळं ठरलेलं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

पेठला जाऊन आलो. संतोषला दारातच सांगितलं, रागाच्या भरात नव्हतं, ठरवून केलं होतं. तो म्हणाला, "ते मला घाटावरच सोमनाथचं कोरं धोतर बघून कळलं होतं, दादा. तुम्ही दरवर्षी राग, राग म्हणून निरोप धाडायचात, म्हणून येत नव्हतो. आत या."