शेजारपाहणी

५ मार्च

सामान लागलं एकदाचं. घर तिसऱ्या मजल्यावर, दोनच खोल्या, पण स्वयंपाकघरात भरपूर ऊन येतं, म्हणून आई खूश. जिना तिला झेपेल का ही मला काळजी, तर बाई माझ्याआधी वर पोचल्या आणि कठड्यावरून वाकून मलाच हाका मारत राहिल्या. समोरच्या दारात शिंपीकाका आणि काकू. शिलाई मशीनचा आवाज बायकोपेक्षा कमी आहे, असं काका बायकोदेखतच म्हणाले आणि पाठीत धपाटा खाल्ला. पलंग दारात अडकला तेव्हा न बोलावता बाह्या सरसावून आले. संध्याकाळपर्यंत आईनं त्यांच्याकडे आमच्या कुलपाची जादा चावी देऊनही टाकली. मी म्हटलं, अगं, आधी ओळख तरी होऊ दे. ती म्हणाली, चावी दिली की होते ओळख.

परवापासून नवी नोकरी. पोटात फुलपाखरं नाहीत, चक्क कावळे ओरडतायत, कारण आनंदात जेवायचंच राहिलं.

७ मार्च

ऑफिस एका छापखान्याच्या वर आहे. खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरचा चहा थरथरतो. माणसं मोजकीच: सर, म्हणजे मालक, पूर्वी प्राध्यापक होते, गणितवाला, जो दिवसभर संगणकाशी पुटपुटतो, पाहुणा, आणि आता मी.

काम असं. कुठल्या शहरात दंगल होईल, कुठं लोक रस्त्यावर उतरतील, हे सरकारला आधी कळायला हवं असतं. त्यासाठी गृहखातं संशोधनाची कंत्राटं काढतं आणि आमच्यासारख्या संस्था निविदा भरतात. आजवर प्रत्येक कंत्राट काचेच्या इमारतीतल्या मोठ्या संस्थेनं नेलं. सर त्यांना नुसतं ‘काचवाले’ म्हणतात, तेही दात चावून. काचवाले भाव, बेकारी, बातम्या बघून अंदाज बांधतात. सरांचं म्हणणं, आकड्यांत दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. माणसाच्या मनात ते आधी येतं. म्हणून घरोघरी जाऊन विचारायचं. प्रश्न मी तयार करायचे, विचारायचे पाहुण्यानं.

सतत गावोगावी फिरतो म्हणून तो पाहुणा. स्वच्छ सदरा, हळू आवाज, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखं बोलणं. त्याला बघितलं की खुर्ची पुढे करावीशी वाटते.

१६ मार्च

प्रश्न तयार झाले. भीती वाटते का असं विचारलं की माणूस छाती काढून नाही म्हणतो. म्हणून आडून विचारायचं. तुमच्या घराची चावी आणखी कोणाकडे असते? तुमच्याकडे रात्री किती माणसं असतात, हे शेजारी कोणाला नेमकं ठाऊक आहे? तुम्ही जवळून गेलात की कोणाचं बोलणं थांबतं?

सरांनी दोनदा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, ही पोरगी आपल्याला कंत्राट मिळवून देणार. मी हवेत! पाहुण्यानं सगळे प्रश्न तोंडपाठ म्हणून दाखवले. त्याच्या तोंडून ऐकताना वाटलं, हे मी लिहिलेले नाहीतच.

२ एप्रिल

खात्यानं दोन्ही संस्थांना चाचणीसाठी एकच गाव दिलं, डोंगराखालचं. ज्याचा अंदाज बरोबर, तो पुढे. काचवाले म्हणतात, सगळं शांत राहील. आमच्या उत्तरांवरून गणितवाल्यानं काढलं, महिन्याच्या आत हाणामारी. इतकं टोकाचं लिहून द्यायचं का, यावर सर रात्रभर जागले असावेत; सकाळी डोळे लाल होते. पण दिलं लिहून.

२१ एप्रिल

झालं! आम्ही म्हटलं तस्संच. सरांनी सगळ्यांना जेवायला नेलं. हॉटेलातल्या टीव्हीवर तेच गाव दाखवत होते. रस्त्याच्या मधोमध एक लाकडी कपाट आडवं पडलेलं, दारं उघडी, आतल्या कपड्यांच्या घड्या तशाच. गणितवाल्यानं आधी टाळी दिली, मग कपाट बघून हात मागे घेतला. चॅनल बदला म्हणायला कोणी धजलं नाही. जेवण उरलं.

६ मे

दुसरी चाचणी, बंदराचं गाव. मी हट्टानं पाहुण्यासोबत आले. उत्तरं कशी मिळतात ते बघायचं होतं.

गल्ली अशी हसरी! दोन घरांच्या मध्ये एकच दोरी, तिच्यावर दोन्ही घरांचे कपडे. एक बाई, गल्लीत सगळे तिला जावबाई म्हणत, आणि तिची शेजारीण दारात बसून एकाच परातीत भाजी निवडत होत्या. पाहुणा जावबाईला आत घेऊन बसला. आधी ती खळखळून हसत होती. कसले मेले प्रश्न, म्हणाली, चावी हिच्याकडेच असते, आणखी कोणाकडे असणार? तो फक्त थांबला. मान किंचित कलती करून, तिच्याबद्दल वाईट वाटल्यासारखा. ती हसायची थांबली. मग पुढचा प्रश्न.

संध्याकाळी त्याच वाटेनं परतलो. जावबाई दोरीवरचे कपडे काढत होती. फक्त आपले. शेजारणीची एक चादर आपल्या चादरीला चिकटलेली, ती तिनं चिमटीत धरून बाजूला केली. शेजारणीनं विचारलं, काय गं, ओले आहेत अजून. तिनं चावी मागून घेतली.

पाहुणा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘फार छान प्रश्न आहेत हो तुमचे.’’

२० मे

बंदराची गल्ली जळाली. अंदाज बरोबर.

गणितवाल्यानं मला बाजूला घेऊन नकाशा दाखवला. दोन्ही गावांत जिथं पाहुणा गेला तिथंच पेटलं. पाऊस आला म्हणून ज्या आळ्या राहून गेल्या होत्या, तिथं काच फुटलेली नाही. तो म्हणाला, आपण ताप मोजत नाही आहोत, ताप देतोय. दुपारी राजीनामा देऊन गेला, डबासुद्धा टेबलावर विसरून.

२१ मे

सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, प्रश्नानं कधी कोणाचं घर जळतं का? जे मनात नसतं ते विचारून येत नाही. तुझे प्रश्न दार ठोठावतात, एवढंच. मग म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा जिंकतोय गं मी.

पाहुण्याबद्दल विचारलं, हा आला कुठून. सरांना आठवेना. म्हणाले, तू घेऊन आलीस ना? मी तर त्याच्यानंतर आले!

२६ मे

शेवटी खात्यात गेले. कंत्राटाचा निर्णय ज्यांच्या हाती ते साहेब, मऊ बोलणारे गृहस्थ, टेबलावर कुंडी, कुंडीला स्वतः पाणी घालणारे. मला हायसं वाटलं. सगळं सांगितलं. प्रश्न विचारले की लोक बिथरतात, विचारले नाहीत की शांत राहतात, हा नकाशा बघा, हे थांबवा.

साहेबांनी नकाशा फार वेळ पाहिला. खुर्ची पुढे ओढली. मला वाटलं, पटलं.

मग त्यांनी विचारलं, एका वेळी किती शहरांत विचारता येईल?

१ जून

कंत्राट आम्हाला मिळालं. सरांनी फोन केला, आवाज लहान मुलासारखा. मी सांगितलं, मी येणार नाही. ते म्हणाले, हरकत नाही, प्रश्न झालेच आहेत.

आईला सगळं बोलले नाही. नोकरी सोडली एवढंच. ती म्हणाली, बरं झालं, तोंड उतरलं होतं तुझं. काकूंनी गरम सूप आणून दिलं. खूप रडले. काका म्हणाले, नोकऱ्या छप्पन्न मिळतील, माझ्याकडे काज-बटणं लाव. हसवलं त्यांनी.

९ जून

दुसरी नोकरी शोधायला बाहेर पडले होते. परतले तर टेबलावर दोन कप. आई म्हणाली, एक फार सज्जन गृहस्थ येऊन गेले. सगळ्या बिल्डिंगीत फिरत होते. स्वच्छ सदरा.

काय विचारलं, म्हटलं. आई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, तुला कशाला हवंय?

तिला बसवून समजावलं. हे मीच लिहिलंय आई, हे खोटं आहे, ही नुसती युक्ती आहे. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, म्हणजे तुला आधीपासून ठाऊक होतं तर.

१२ जून

आईनं काकांकडून चावी परत आणली. वर नवं कुलूप.

मशीनचा आवाज बंद आहे. मी जिन्यात आले की खालच्या मजल्यावरचं बोलणं थांबतं. थांबतं म्हणजे खरंच थांबतं. हा माझा भास नाही. का भास आहे? हा तर माझाच प्रश्न. माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात लिहिलेला. मला माहीत आहे तो कसा काम करतो. तरी कान जिन्याकडेच.

१४ जून

काका दारात भेटले. हातात मोठी कात्री. कपडे बेततात, कात्री असणारच. रोज असते.

रोज असते का?

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एक पाऊल मागे सरकले. ते मला भ्यायले. भ्यायलेला माणूस काय करेल सांगता येत नाही—हेही मीच कधीतरी सरांना समजावून सांगितलं होतं.

१५ जून

आई माझ्या हातचं खात नाही. आधी मला खायला लावते, मग थोडं घेते. तिला घेऊन निघून जावं म्हटलं. तुझ्याबरोबर? म्हणाली.

खाली रस्त्यावर दुकानं बंद. माणसं घोळक्यानं उभी. कोणी ओरडत नाही. ओरडले असते तर बरं—

१७ जून, सकाळ

रात्री काच फुटली कुठंतरी. पहाटे गाड्या. आई आता माझ्या बाजूनं आहे. निदान तसं म्हणते. दोघींनी मिळून कपाट दाराला लावलं.

दुपार

कपाटामागे पलंग. माझ्या हातात हातोडी. आई खिडकीपाशी, पडदा ओढून.

काका दार वाजवतायत. हळूच आधी. म्हणतात, पोरी, तळमजला पेटलाय, जिना अजून मोकळा आहे, आईला घेऊन चटकन बाहेर ये. किती गोड बोलतात. दार उघडायला लावायचं तर कोणी असंच बोलेल. मी असते तर असंच लिहिलं असतं.

आई मान हलवते. उघडू नको.

मागे काकू रडतायत. रडण्याचं सोंग चांगलं—

कसला तरी वास येतोय. छापखान्याचा असेल. नाही, छापखाना तर ऑफिसाखाली. दाराच्या फटीतून करडं काहीतरी. तेच सोडत असतील. आम्ही बाहेर यावं म्हणून.

आई खोकतेय

काका आता ओरडतायत. माझं नाव घेऊन. देवाशपथ म्हणतात. धक्के मारतायत, कपाट हललं, खांदा लावलाय त्यांनी—दार फोडून आत येणार, म्हणजे मी म्हणत होते तेच, अंदाज बरोबर—

फळी निघाली. हात आलाय आत. रिकामा आहे. कात्री दुसऱ्या हातात असणार. हाताला भाजलंय काहीतरी, तो चाचपडतोय, ‘‘हात दे बाळ, हात दे’’—

आई म्हणते मार

मी