आईएवढी जागा

बेतियो, तरावा बेट
९ मार्च

प्रिय बाउरो दादा,

मौरी. तू, वहिनी आणि मुलं खुशाल असाल. सफरचंदांच्या तोडणीत तुझे हात पुन्हा सोलवटले असतील, खोबरेल लावत जा.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आई शेजारीच बसलेली असते. तिचा खोकला वाऱ्यामुळे आहे, असं मी तुला सांगावं अशी तिची ताकीद आहे, आणि मला ते नीट जमत नाही. शेजारची नर्स ऑकलंडला निघाली आहे, तिच्या हाती हे देते.

इथे विहिरीचं पाणी आता नुसतं मचूळ नाही, वासही मारतं. पूर्वी दारातून समुद्र दिसायचा, आता समोरच्यांची भिंत दिसते. मागच्या आठवड्यात सभाघरात एक साहेब आले. बेट एवढंसं, माणसं केवढी वाढली, मुलं कमी होऊ द्या, असं बराच वेळ समजावत होते. आई मागून म्हणाली, "आमच्यातलं जास्तीचं कोण, तेवढं बोट दाखवून सांगा. बिचारा उठून जाईल."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. बाहेरच्या बेटांवर ना धड दवाखाना, ना मोठी शाळा. जहाज येईल तेव्हा येईल. मग माणसं इथे येणार नाहीत तर कुठे जातील?

म्हणून आपल्या चुलतभावाला, कायतिराला मी बोल लावत नाही. लेकीच्या दम्यासाठी तो इथे आला. त्याची बायको आईला रोज पाणी उकळून देते. त्याने फोनवर तुझ्याकडे बुबुती केली, घरासाठी जागा मागितली. नातलगाच्या मागण्याला नाही म्हणायचं नसतं, हे अक्षरं गिरवण्याआधी आईने आपल्याला शिकवलं. पण तू हो म्हणालास ते कुठल्या जागेला? बाबांच्या कबरीशेजारच्या. तिथे आता त्याचा राहायचा माच उभा आहे. घरचं माणूस घरालगतच पुरायचं, हे तिकडे राहून विसरलास? नीरफणसाखालचा तुझा कोपरा मात्र विटा रचून स्वतःच्या घरासाठी राखून ठेवलास, तिथे कुणी पाय ठेवायचा नाही. मोठेपणा तुझा, जागा आईची.

दवाखान्याने तिला घरी पाठवलं आहे, दादा. फार उशीर झाला म्हणाले. दाटीवाटीत हा खोकला घरोघर फिरतो, असंही म्हणाले, जणू दाटी आम्ही हौसेने केली.

ती गेल्यावर तिला कुठे ठेवायचं, हे मी तिला विचारू शकले नाही. तीच म्हणाली, "कायतिराच्या माचाखाली ठेवा. पोरांची रडारड ऐकत पडेन, करमेल तरी." मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी खूप विचार केला. पाद्रीबाबांनाही विचारलं, पत्रातून केलेली बुबुती चालते का. चालते म्हणाले. तर दादा, मी तुझी धाकटी बहीण रीतसर मागते आहे. नीरफणसाखालची जागा दे, आईएवढीच. चुलतभावाला नाही म्हणता येत नाही, तर मलाही येणार नाही.

तुझ्या विटा आज सकाळी हलवल्या. कुंपणाशी नीट रचल्या आहेत, एकही फुटू दिली नाही. तू येशील तेव्हा झोपायला माझी चटई आहे.

तुझ्या उत्तरासाठी न थांबलेली,
रोतिया