काचेपलीकडचा चहा

गुलबर्गा,
ता. ४ एप्रिल २०११

ती. सौ. सत्यभामाअक्कास,
धाकट्या श्रीपतीचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस. घरातून फोन केला की सुभद्रा स्वयंपाकघरातूनच उत्तरं देते, आणि हे बोलणं तुझ्या लेकाबद्दल आहे, जो माझ्याच घरी राहून, माझ्याच शेजारी बसून जेवतो.

राम बंगळूरच्या कॉफी कंपनीत लागला तेव्हा पेढे मीच वाटले होते. ती कंपनी नेमकी माझ्या हॉटेलासमोर दुकान थाटेल आणि मॅनेजर म्हणून माझ्याच भाच्याला पाठवील, हे कुणाच्या ध्यानात यावं? आमचा जुना चौक सध्या नवा होतोय. रस्ता रुंद झाला, त्यात माझा कट्टा गेला. मधोमध कारंजं आलं, पाणी अजून आलेलं नाही. आणि समोर रामचं ते काचेचं दुकान, आत ए.सी. आपल्याकडचा उन्हाळा तू जाणतेसच. माझी सगळी गिऱ्हाइकं काचेपलीकडे गेली.

आतली फरशी इतकी चकचकीत की आपली माणसं चपला दाराबाहेर काढूनच आत जातात. राम नको म्हणतो, पण ऐकतो कोण? तो ढीग बघून परवा एक म्हातारी काचेला हात जोडून पुढं गेली. मी गल्ल्यावर बसून चपला ओळखत असतो. टायरच्या तळाची जोडी चनमल्लप्पाची. तूरडाळीचा एवढा मोठा आडत्या, पण वीस वर्षं माझ्याकडे वन बाय टू, म्हणजे एक चहा दोन कपांत, घेत आला. त्याच्या चपला तिथं बघितल्या आणि मला जेवण गेलं नाही.

रामशी मी बोलत नाही. आमटी हवी का, हे रामला विचार असं मी सुभद्रेला सांगतो. ती विचारते. तो तिला सांगतो, ती मला सांगते. तिघं हाताच्या अंतरावर बसलेलो असतो.

शेजारचा मोबाइलवाला जागा भाड्यानं मागतोय. अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरायचा म्हणतो. देऊन टाकावी असं वाटतं. तसे पैसे येतात, माझा वेटर रेवणप्पा थर्मास भरभरून कुठल्याशा बँकेत चहा नेतो म्हणे. पण बाकड्यावर बसून डाळीचा भाव नि जावयाच्या तक्रारी सांगणारं कुणी नसेल, तर त्याला हॉटेल कसं म्हणायचं?

रामला यातलं काही कळवू नकोस. दाजींना नमस्कार. तुझी माया आहे तेवढी राहू दे, फक्त यंदा जरा माझ्या बाजूला झुकू दे.

तुझा,
श्रीपती


मेहकर,
ता. ९ एप्रिल

चि. श्रीपतीस अनेक उ. आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी ओसरीत बसून मोठ्यानं वाचलं, त्यामुळे अर्ध्या गल्लीला ठाऊक झालंय. रामच्या कानावर मात्र मी घालणार नाही.

लहानपणी रुसलास की तू असाच आईकरवी माझ्याकडे निरोप धाडायचास. तेव्हा सहा वर्षांचा होतास म्हणून शोभायचं. जागा देण्याची घाई करू नकोस. आधी एकदा रस्ता ओलांडून आत बघून तरी ये. पंचमीला माहेरी आले की तुझ्या हॉटेलातला चहा घरी येतो, तो प्यायला की मला माहेरी आल्यासारखं वाटतं. यंदा काय मोबाइलच्या दुकानातून मागवू?

उन्हात फिरू नकोस, ताक पी. भाऊ म्हणून माझा तुझ्यावर जीव आहे, हट्टी म्हणून नाही.

तुझी,
अक्का


गुलबर्गा,
ता. १५ एप्रिल

ती. सौ. आईस,
रामचा सा. न. वि. वि.

एक गोष्ट सांगतो, मामाला कळू देऊ नकोस. माझ्या दुकानात दुपारी बसायला जागा नसते आणि विक्री जवळजवळ नसते. चनमल्लप्पाकाका आणि मंडळी गारव्याला येतात, कॉफीचा भाव विचारतात, हळहळतात आणि बसून राहतात. मग रेवणप्पा टॉवेलाखाली थर्मास घेऊन येतो. मामाला तो बँकेत चहा नेतो म्हणून सांगतो, ती बँक म्हणजे माझंच दुकान! मामाच्या हिरव्या काठाचे कप टेबलाखाली फिरतात, वन बाय टू.

बाहेरचं खाणंपिणं आणणाऱ्याला उठवायचं असा कंपनीचा नियम आहे. मी काकांना हळूच सांगून पाहिलं. ते म्हणाले, तुझा मामा तिकडं भट्टीपुढं भाजायलाय, त्यालाबी हितंच बोलव, मग कुणाला टेबलाखाली लपवायचं काम न्हाई. मामाला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटते आणि चहा तर त्याचाच लागतो. खरं सांगू, अर्धा कप मलाही मिळतो. मामाला कळलं तर तो मानी माणूस थर्मास बंद करील.

महिनाअखेर बंगळूरचे साहेब पाहणीला येणार आहेत. त्यांना हे दिसलं तर माझी नोकरी जाईल. पण त्याहून मामा बोलत नाही याचं फार वाईट वाटतं. आमटी रोज मामीच्या मार्फत येते, गोड लागत नाही.

बाबांना नमस्कार. आशीर्वाद असावा, या खेपेला थोडा जास्त.

तुझा,
राम


मेहकर,
ता. २० एप्रिल

चि. रामास अनेक उ. आशीर्वाद.

तुझा मामा म्हणतो रामला सांगू नको, तू म्हणतोस मामाला सांगू नको. दोघांचं पोटात ठेवून मला जेवायला जागा उरली नाही. साहेब यायच्या आधी ते कप तेवढे आवर. चनमल्लप्पांना माझा नमस्कार सांग, आणि म्हणावं लाज वाटत असेल तर बाकड्यावर येऊन वाटून घ्या.

तुझी,
आई


गुलबर्गा,
ता. ३० एप्रिल

ती. सौ. अक्कास,
श्रीपतीचा शि. सा. न. वि. वि.

काल मोबाइलवाला विसाराचे पैसे घेऊन माझ्यापुढं उभा होता. मी हात पुढं करणार, एवढ्यात रेवणप्पा धापा टाकत आला. बंगळूरचा साहेब गाडीतून उतरायलाय, आपले कप आत हायत, रामची नोकरी जाती, असं एका दमात बोलला. त्याची बँक कुठली ते तेव्हा मला समजलं.

मी तसाच धावलो. घाईतसुद्धा दारात चपला काढल्या, फरशीच तशी आहे. आत बघतो तर माझी सगळी गिऱ्हाइकं, आणि प्रत्येकाच्या हातात माझाच कप. मी समजत होतो ही माणसं मला सोडून गेली. चनमल्लप्पानं मान खाली घालून त्याचा अर्धा कप पुढं केला. मी तो पिऊन टाकला, बाकीचे उपरण्यात गोळा केले आणि मांडीवर घेऊन खुर्चीत बसलो, तोच साहेब आत.

काहीतरी मागवणं भाग होतं. यादीत सगळ्यांत वरचं नाव होतं त्यावर बोट ठेवलं. बाहुलीच्या भातुकलीतला असावा एवढा कप आला, आत काळा काढा. राम साहेबांच्या मागं उभा होता. साहेबांनी विचारलं, कशी आहे कॉफी? लहानपणी आई एरंडेल पाजायची ते आठवलं, पण सांगितलं, लई झकास हाय, मी रोज येतो. मांडीवर कप वाजले, तर गुडघे वाजतात म्हणालो. मग चनमल्लप्पालाही भरून आलं असावं, त्यानं सगळ्यांना एकेक कॉफी सांगितली. तो घोट घेतानाची त्यांची तोंडं तू बघायला हवी होतीस. साहेब खूश होऊन गेले.

घाईत अनवाणीच परत आलो. मोबाइलवाला निघून गेला होता. त्याला आता बोलावणार नाही. मी हॉटेल बंद केलं, तर रामच्या गिऱ्हाइकांना चहा कोण पाजणार? आजपासून मंडळी सकाळी माझ्या बाकड्यावर आणि दुपारी त्याच्या गारव्यात, असं ठरलंय. दुपारी तिथं एकेक कॉफी घ्यायची, हा दंड मी घातलाय. पंचमीला तुझा चहा घरी येणार नाही, तूच हॉटेलात येऊन पी.

रात्री राम घरी आला, तो माझ्या चपला दोन्ही हातांत धरून. उंबऱ्यापाशी नीट जोडून ठेवल्या आणि उभा राहिला. मी सुभद्रेकडे न बघता त्यालाच विचारलं, आमटी वाढू का.

दाजींना नमस्कार. तुझी माया आता दोघांत वाटून दे, वन बाय टू.

तुझा,
श्रीपती